भिंत रंगवली, जमिनीचं काय?



ऑस्ट्रेलिया देशात एक रीत पडली आहे. शाळेची नाहीतर रेल्वे स्टेशनची भिंत घ्यायची, गोऱ्या आणि आदिवासी पोरांना एकत्र आणायचं आणि मोठं चित्र रंगवायचं. त्याला म्हणतात समेटाचं चित्र. पुढारी येतात, फोटो निघतात. आपल्याकडचे काही शहाणे आम्हाला सांगतात, बघा, तिथे कसं प्रेमाने मिटवलं, तुम्ही मात्र मोर्चेच काढता.

खरंच मिटलं का? आणि मुळात भांडण कशाचं होतं?

१७८८ साली इंग्रजांनी तिथे पहिली वसाहत केली. हजारो वर्षं माणसं राहात होती, तरी ती जमीन बेवारस धरली. आदिवासींची लेकरं आईबापांपासून तोडून नेली. मेर बेटावरच्या एडी माबोंनी आणि त्यांच्या सोबत्यांनी दावा लढवला, तेव्हा कुठे ३ जून १९९२ ला तिथल्या सगळ्यात वरच्या कोर्टाने ‘बेवारस’ हे खोटं होतं असं मान्य केलं. निकाल ऐकायला माबो जिवंत नव्हते. लेकरं नेली म्हणून १३ फेब्रुवारी २००८ ला सरकारने संसदेत माफी मागितली. पण माफीसोबत नुकसानभरपाई दिली नाही.

म्हणजे भांडण जमिनीचं आणि लेकरांचं. ते नुसत्या रंगाने कसं मिटेल?

चित्राने मनं जुळतात, मग बाकीचं आपोआप होतं, असं म्हणणाऱ्यांनी हे ऐकावं. १९६३ साली यिर्कला गावच्या योल्ङू आदिवासींनी झाडाच्या सालीवर आपली चित्रं काढून, मध्ये अर्ज चिकटवून संसदेला पाठवला. आम्हाला न विचारता आमची जमीन बॉक्साइटच्या खाणीला दिली, ही तक्रार. चौकशी समिती नेमली. खाण झालीच. १९७१ ला कोर्टातही ते हरले. पुढे १९८८ साली बरुंगा इथे आदिवासींनी चित्रांच्या चौकटीत मागण्या लिहून पंतप्रधान बॉब हॉक यांच्या हातात दिल्या. त्यांनी करार करू असा शब्द दिला. करार झाला नाही. १९९१ साली पद सोडताना हॉकसाहेबांनी ते चित्र संसदेच्या भिंतीवर टांगलं. मागणी भिंतीवर गेली, शब्द हवेत गेला.

म्हणून चित्र वाया जातं का? नाही. मेलबर्न शहरात नॉर्थकोटच्या भिंतीवर १९८० नंतरच्या दशकात जे मोठं चित्र झालं, ते करणाऱ्यांत लिन ओनस यांच्यासारखे आदिवासी चित्रकार होते. त्यात गळ्यात साखळ्या घातलेली आदिवासी माणसं आहेत. नुसतं हातात हात नाही. आधी काय केलंत ते बघा, मग समेटाचं बोला, असं ती भिंत सांगते.

आणि १९९७ साली मोठ्या वाळवंटातल्या आदिवासींनी तर चित्रालाच पुरावा केलं. ४० हून जास्त जणांनी ८ मीटर बाय १० मीटरच्या कापडावर आपले पाणवठे, वाटा, देवाच्या जागा काढल्या. ज्याची जी जागा, त्याने चित्रात त्याच जागेवर उभं राहून, आपल्या बोलीत, दावा ऐकणाऱ्यांना सांगितलं की ही माझी जमीन. १० वर्षं लागली. २००७ मध्ये सुमारे ७६ हजार चौरस किलोमीटरवर त्यांचा हक्क कोर्टाने मानला.

फरक लक्षात घ्या. एक चित्र साहेबाची भिंत सजवतं, दुसरं साहेबाला जाब विचारतं.

हे आपल्याला नवीन नाही. वारल्यांत लगीनचौक काढत नाहीत, लिहितात. सवाशिणींनी चौक लिहिल्याशिवाय लगीन लागत नाही. म्हणजे ते चित्र साक्ष आहे. आज तोच तारपावाला कचेऱ्यांच्या भिंतींवर नाचतो आणि त्याच भिंतीआड आपले दावे धूळ खातात. भिंतीवर आदिवासी चालतो, प्लॉटवर चालत नाही!

तेव्हा आम्ही म्हणतो, कचेरीची भिंत रंगवायला बोलावलं तर आधी विचारा, दाव्याचं काय झालं? आणि चित्र काढायचंच तर ग्रामसभेत काढा. म्हाताऱ्या माणसांना मध्ये बसवा. जुने बांध, विहिरी, मसणवट, देवाची जागा, कोण कुठे कसतो, सगळं काढा. वनहक्काच्या नियमांत वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब पुरावा धरला आहे, जमिनीवरचे बांध आणि घरंही धरली आहेत. किमान दोन पुरावे लागतात. नकाशा काढता काढता जबाब लिहून घ्या, अंगठे घ्या, दाव्याला जोडा आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.

समेटाला आमची ना नाही. आधी सातबारा, मग समेट!

जंगल-जमीन आमच्या हक्काची!