बलुते नको, ठरलेला मोबदला हवा

आपल्या निवासी शाळांतून शिकून बाहेर पडलेल्या पहिल्या पिढ्यांनी सरकारी नोकरीचा मार्ग धरला, हे स्वाभाविकच होते. तेथे वेतनश्रेणी ठरलेली असे आणि पगारासाठी कोणाच्या दारात उभे राहावे लागत नसे. आजचे अनेक तरुण मात्र स्वतंत्रपणे वेबसाइट तयार करून देण्याची कामे घेत आहेत. किती काम, किती दाम आणि तो केव्हा, हे या व्यवसायात ज्याचे त्यानेच ठरवून घ्यायचे असते. नेमके तेथेच आमची मुले कचरतात.

इतिहासाच्या अभ्यासकाला या संकोचाची मुळे दूर शोधावी लागत नाहीत. महार वतनात कामांची यादी नव्हती आणि वेळेची मर्यादाही नव्हती. हाक येईल तेव्हा धावायचे. वतनदार घरी नसेल तर घरातील दुसऱ्याने जायचे. मोबदल्याचे बलुते मात्र गावकऱ्यांच्या मर्जीवर अवलंबून असे. १९२८ साली बाबासाहेबांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. बलुत्याचे रूपांतर रोख रकमेत व्हावे आणि वतनदारांची कामे निश्चित व्हावीत, अशी त्यातील मागणी होती. पुढे संविधानाच्या अनुच्छेद २३ ने वेठबिगारीस मनाई केली आणि १९५८ च्या कायद्याने ही वतने रद्द झाली. वतन गेले, तरी ‘पैसे मागितले तर समोरचा रागावेल’ ही भीती मनातून गेलेली नाही.

म्हणून आमचे सांगणे असे की, काम हाती घेण्यापूर्वी करार लेखी करावा. पाने किती, मजकूर व छायाचित्रे कोण देणार, दुरुस्त्या किती वेळा करून मिळणार, डोमेन व होस्टिंगचा खर्च कोणाचा आणि काम मध्येच थांबले तर हिशेब कसा होणार, हे त्यात स्पष्ट असावे. काही रक्कम आगाऊ घ्यावी, काही आराखडा मंजूर झाल्यावर, आणि उरलेली वेबसाइट ग्राहकाच्या स्वाधीन करण्यापूर्वी. ‘एवढे जरा करून दे’ या वाक्याने वाढणाऱ्या कामाचा दर वेगळा लिहावा. ई-मेलवर पाठवलेला प्रस्ताव आणि त्यावरील ग्राहकाची स्पष्ट संमती यांनाही कायद्यात कराराचे स्थान आहे.

उद्यम नोंदणी विनामूल्य होते. ती काम घेण्याआधीच करावी. सूक्ष्म व लघु उद्योगांची देणी ठरलेल्या मुदतीत, आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत चुकती करण्याचे बंधन २००६ च्या कायद्याने ग्राहक-व्यावसायिकांवर घातले आहे. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते.

लेखी अटी पाहून काही ग्राहक निघून जातील, हे खरे आहे. पहिलेच काम शोधणाऱ्याला तो तोटा मोठा वाटेल. परंतु आगाऊ रकमेचे नाव काढताच जो निघून जातो, तो काम झाल्यावर पूर्ण पैसे देईल याची खात्री कोणी द्यावी?

आता थोडे आपल्या समाजाविषयी. विहाराची, जयंती मंडळाची, संस्थेची वेबसाइट ‘आपलाच मुलगा आहे’ म्हणून फुकट करून घेतली जाते. दान ही श्रेष्ठ गोष्ट आहे. पण ते देणाऱ्याने स्वेच्छेने द्यायचे असते, घेणाऱ्याने गृहीत धरायचे नसते. सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी मालकाच्या कर्तव्यांमध्ये शक्तीनुसार काम आणि योग्य वेतन यांचा समावेश केला आहे. संस्थेकडे पैसा नसेल तर तसे आधीच सांगावे. तरुणाची इच्छा असेल तर त्याने पूर्ण रकमेचे बिल करून त्यावर ‘धम्मदान’ असे लिहावे. श्रमाचे मोल निदान कागदावर तरी राहील.

माजी विद्यार्थ्यांत वकील आहेत, लेखापाल आहेत. त्यांनी सोप्या मराठीत कराराचा एक नमुना तयार करावा आणि शाळा सोडणाऱ्या प्रत्येक मुलामुलीच्या हाती दाखल्यासोबत तो द्यावा, अशी आमची विनंती आहे. ‘शिका’ हा आदेश आपण पाळला. शिकलेल्या विद्येचे दाम ताठ मानेने मागणे, हाही त्याच आदेशाचा भाग आहे.

जय भीम!