सल्ला कुणाचा, समजूत कुणाची?

महिला आयोग म्हटलं की आपल्या हळ्ळीखेडच्या बायका एकमेकींकडे बघून हसतात. "ते दिल्ली-बेंगळूरच्या शिकलेल्या बायकांचं, आपलं काय त्यात?" असं एक जण म्हणते. दुसरी त्यावर कडी करते, "आणि आयोग तरी काय करणार? सल्लाच देणार ना? सल्ला द्यायला आमच्या घरात सासू आहे, जाऊ आहे, गावात पंच आहेत. सल्ल्याला काय तोटा?"

हसण्यावारी नेलं तरी प्रश्न बरोबर आहे. सल्ल्याला आपल्याकडे खरंच तोटा नाही. प्रश्न एवढाच, की तो सल्ला कुणाच्या सोयीचा असतो आणि तो दिल्याची नोंद कुठे राहते? आजच्या सदरात याच दोन गोष्टींबद्दल बोलायचं आहे.

आधी थोडा इतिहास पाहू. देशातल्या स्त्रियांची स्थिती तपासायला केंद्र सरकारने 1971 साली एक समिती नेमली होती. तिचा अहवाल 1974 च्या अखेरीस आला. त्यात पुढे आलेलं चित्र इतकं निराशाजनक होतं, की स्त्रियांच्या प्रश्नांवर कायम लक्ष ठेवणारी वेगळी यंत्रणा हवी ही मागणी तिथून जोर धरू लागली. तरी कायदा व्हायला 1990 उजाडलं आणि राष्ट्रीय महिला आयोग प्रत्यक्ष कामाला लागला 1992 च्या जानेवारीत. महाराष्ट्राने 1993 साली आपला आयोग स्थापन केला, आपल्या कर्नाटकाचा कायदा 1995 चा.

हे आयोग शिक्षा देऊ शकत नाहीत हे खरं आहे. पण राष्ट्रीय आयोगाला चौकशी करताना दिवाणी न्यायालयासारखे काही अधिकार आहेत. माणसाला बोलावून घेता येतं, शपथेवर जबाब घेता येतो, कागदपत्रं मागवता येतात. त्याचा अहवाल संसदेपुढे ठेवावा लागतो आणि एखादी शिफारस सरकारला मान्य नसेल तर का मान्य नाही, याची कारणं द्यावी लागतात. म्हणजे हा सल्ला ऐकून सोडून देण्यातला नव्हे, त्याला उत्तर द्यावं लागतं. घरातल्या सुनेच्या सल्ल्याला इतका मान कधी मिळतो, ते आपलं आपण आठवून बघावं!

पण आयोग राजधानीत. आपल्या जवळचं काय? तर भगिनींनो, प्रत्येक जिल्ह्यात एक स्थानिक समिती असावी असा कायदाच आहे. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा, त्यात ही समिती येते. या कायद्यामागे 1997 सालचा सर्वोच्च न्यायालयाचा 'विशाखा' निकाल आहे आणि त्या निकालामागे राजस्थानातल्या भंवरीदेवी आहेत. त्या ऑफिसातल्या बाई नव्हत्या. खेड्यात सरकारी योजनेचं काम करणाऱ्या 'साथिन' होत्या. बालविवाह थांबवायला गेल्या म्हणून 1992 साली त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. जो कायदा एका खेड्यातल्या बाईच्या दुःखातून आला, तो फक्त शहरातल्या बायकांचा कसा असेल?

जिथे दहा किंवा अधिक माणसं कामाला आहेत तिथे मालकाने अंतर्गत समिती नेमायची. पण आपल्याकडे दहा माणसांची कामं किती? चार जणांचं कापडाचं दुकान, सहा बायकांची शिलाई, लहानसा दवाखाना, खासगी शाळा, डाळीची गिरणी, वीटभट्टी. यांच्यासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर दहापेक्षा जास्त माणसं असली तरी याच समितीकडे जायचं. असंघटित कामही यात धरलं आहे, दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी करणारी बाईसुद्धा.

समितीत कोण असतं? अध्यक्ष म्हणून सामाजिक कामातली जाणती स्त्री. एक सदस्य त्या भागात काम करणाऱ्या स्त्रियांमधली. दोन सदस्य संस्थांमधून, त्यात एक तरी स्त्री. समितीत अनुसूचित जाती-जमातीची, मागासवर्गाची किंवा अल्पसंख्याक समाजाची एक स्त्री हवीच. शिवाय समाजकल्याण किंवा महिला-बालविकास खात्याचा अधिकारी. तालुक्याच्या ठिकाणी एक नोडल अधिकारी नेमायचा, ज्याने आलेली तक्रार सात दिवसांत समितीकडे पोचवायची. म्हणजे हळ्ळीखेडच्या बाईने बीदरपर्यंत हेलपाटे घालायला नकोत, हुमनाबादेत तिची तक्रार घेतली गेली पाहिजे.

तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं हे समितीचं कर्तव्य आहे. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची आणि समितीने जी शिफारस केली तिच्यावर साठ दिवसांत कारवाई करायची. शब्द 'शिफारस' असला तरी ती बासनात गुंडाळून ठेवायची सोय कायद्याने ठेवलेली नाही. बाईचं नाव छापायला, सांगायला मनाई आहे. आणि आपल्याकडे हमखास घातली जाणारी भीती, "सिद्ध झालं नाही तर उलट तुझ्यावरच येईल," तिलाही कायद्यात उत्तर आहे. केवळ आरोप सिद्ध करता आला नाही म्हणून तक्रार करणारीवर कारवाई होत नाही. जाणूनबुजून खोटी तक्रार केली असं चौकशीत ठरलं, तरच होते.

आता समजुतीची गोष्ट. आपल्या भागात भांडण झालं की बैठक बसते. पारावर, देवळात, कुणाच्या तरी ओसरीवर. चार वडीलधारे येतात, चहा होतो आणि समजूत काढली जाते. बैठकीने कित्येक घरं मोडता मोडता सावरली आहेत, हे मी नाकारत नाही. शेताच्या बांधाचं भांडण कोर्टात गेलं असतं तर दोन पिढ्या गेल्या असत्या, ते बैठकीने एका संध्याकाळी मिटवलं. पण बाईचा प्रश्न आला की बैठक ओसरीवर आणि जिचा प्रश्न ती माजघरात. तिच्या वतीने बाप बोलतो, भाऊ बोलतो, मामा बोलतो. शेवटी बाहेरून निरोप आत येतो, "मिटलं बघ, आता काही काढू नको." झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण मूठ तिची असते आणि सव्वा लाख भलत्याच्याच पदरात पडतात.

जवळच्याच एका गावातली हकीकत मला ठाऊक आहे. एक मुलगी शिलाईच्या कामाला जायची. मालकाने हात धरला. तिने घरी सांगितलं, बैठक बसली. मालकाने सगळ्यांसमोर चूक कबूल केली, थोडे पैसे दिले, विषय संपला. मुलीचं काम सुटलं, महिन्याभरात लग्न उरकलं. दोन वर्षांनी त्याच मशीनवर बसणाऱ्या दुसऱ्या मुलीच्या वाट्याला तेच आलं. तिने तोंड उघडलं तेव्हा लोक म्हणाले, "इतकी वर्षं तो माणूस काम करतोय, आजवर कुणाची तक्रार नाही." तक्रार होती! तक्रारच काय, कबुलीही होती. बैठकीतले चार जण अजून हयात होते. पण कागद नव्हता आणि चौघांनाही नेमकं आठवेना. पहिलीचं धैर्य दुसरीच्या कामाला आलं नाही.

म्हणून या कायद्यातलं दहावं कलम मला फार महत्त्वाचं वाटतं. समजुतीला कायदा नाही म्हणत नाही. चौकशीआधी समेट करता येतो. पण अटी तीन. पहिली, समेटाची मागणी त्या बाईनेच केली पाहिजे, बापाने, भावाने किंवा मालकाने नव्हे. दुसरी, पैशाच्या देवाणघेवाणीवर समेट करता येणार नाही. तिसरी, जे ठरलं ते समितीने लिहून ठेवायचं आणि दोघांनाही त्याची प्रत द्यायची. उद्या मालकाने ठरलेलं मोडलं, तर त्या प्रतीच्या जोरावर बाई पुन्हा समितीकडे जाऊ शकते आणि चौकशी सुरू होते. आपल्या बैठकीत नेमक्या याच तीन गोष्टी नसतात.

कामाच्या ठिकाणाचं झालं. घरातल्या छळाचं काय? त्यासाठी 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, 2006 च्या ऑक्टोबरपासून लागू झालेला. यात संरक्षण अधिकारी असतात. मारहाणीपासून संरक्षण, राहत्या घरात राहण्याचा हक्क, खर्चाला पैसे, मुलांचा ताबा, असे आदेश न्यायदंडाधिकाऱ्याकडून मिळतात. इथे आपल्या सीमेवरच्या बायकांची एक खास अडचण येते.

1956 च्या 1 नोव्हेंबरला निजामी राज्यातला जुना बीदर जिल्हा वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे मुंबई राज्यात गेले. बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद इकडे म्हैसुरात आले. झहीराबाद, नारायणखेड आंध्रात गेले, ते आज तेलंगणात आहेत. नकाशावर रेघ पडली, पण सोयरिकी काही थांबल्या नाहीत. आजही हळ्ळीखेडची लेक उदगीरला जाते, निलंग्याची सून इकडे येते. मग जाच झाला आणि लेक माहेरी परत आली की ठाण्यात ऐकावं लागतं, "हे तिकडचं प्रकरण, तिकडे जा." तिकडे म्हणजे जिथून ती जीव वाचवून आली, तिथेच!

वाचक भगिनींनो, हे वाक्य ऐकून परत फिरू नका. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे, की बाई तात्पुरती जिथे राहते तिथल्या न्यायालयातही अर्ज करता येतो आणि मिळालेला आदेश साऱ्या भारतात चालतो. सासरच्या छळाच्या गुन्ह्याबाबतही सर्वोच्च न्यायालयाने 2019 च्या एप्रिलमध्ये रूपाली देवी खटल्यात हेच सांगितलं, की जिथे आसरा घेतला तिथेही तक्रार करता येते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेत तर गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी ठाण्याने माहिती नोंदवून घ्यावी असं आहे. नोंदवलेली माहिती वाचून दाखवायची आणि तिची प्रत फुकट द्यायची. सोयरिकीला जशी सीमा आडवी येत नाही, तशी तक्रारीलाही येत नाही.

दुसरी अडचण भाषेची. कचेरी कन्नड, आपण बोलणार मराठी, घरात कुणाची दखनी उर्दू. मनातलं दुःख परक्या भाषेत मांडता येत नाही आणि दुसऱ्याने लिहिलेल्या कागदावर अंगठा उठवायची भीती वाटते. घटनेच्या 350 व्या कलमाने प्रत्येकाला गाऱ्हाणं मांडण्यासाठी राज्यात किंवा संघात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क दिला आहे. तो जरूर वापरा. कन्नड कागदावर सही करायची वेळ आली तर आधी समजावून घ्या. आपल्या पोरी कन्नड शाळेत शिकतात, त्यांच्याकडून वाचून घ्या. यात कमीपणा कसला?

आता कडू भाग. कायद्याच्या पुस्तकात आहे ते सगळं जागेवर असतंच असं नाही. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणावरून सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या खटल्यात, 2023 च्या मे महिन्यात, कायदा होऊन दहा वर्षं झाली तरी अंमलबजावणी किती ढिली आहे यावर न्यायालयाने नाराजी दाखवली. पुढे 2024 च्या डिसेंबरमध्ये तारखाच घालून दिल्या. जिल्हा अधिकारी 31 डिसेंबरपर्यंत नेमा, स्थानिक समिती 31 जानेवारी 2025 पर्यंत बसवा, तालुक्याला नोडल अधिकारी द्या. देशाच्या सर्वात मोठ्या न्यायालयाला तारखा द्याव्या लागतात, यावरून काय ते समजावं.

मग आपण काय करायचं? पुढच्या वेळी स्त्रीशक्ती संघाची बैठक असेल तेव्हा बचतीचा हिशेब झाल्यावर पाच मिनिटं काढा. संघाच्या नावाने एक साधा अर्ज लिहा, "आमच्या तालुक्याचे नोडल अधिकारी कोण, स्थानिक समितीत कोण आहे, कृपया लेखी कळवावे." अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का घ्या. उत्तर आलं की ती नावं अंगणवाडीच्या भिंतीवर चिकटवा. खाली 181 आणि 112 हे फोन नंबर लिहा. आणि हेही लिहा, की स्त्रीला सरकारी खर्चाने वकील मिळतो, मग तिचं उत्पन्न कितीही असो, आणि त्याची चौकशी तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीत करायची.

एका बाईने एकटीने विचारलं तर "तुझं काय झालं गं?" असा उलटा प्रश्न येतो. वीस जणींच्या संघाने विचारलं तर असा प्रश्न विचारायची कुणाची छाती होत नाही. आणि उद्या खरंच एखादीवर वेळ आली, तर तिला कुठे जायचं हे रडत रडत शोधावं लागणार नाही. सल्ला देणारे आपल्याला पुष्कळ आहेत. तो लिहून देणारे, त्याखाली सही करणारे आणि त्याची प्रत बाईच्या हातात ठेवणारे हवे आहेत. ते कायद्याने नेमायचे आहेत. नेमले का, एवढं विचारण्याचं काम आपलं.