नक्षी आहे की अजून!

टायरचा विषय काढा, आमच्या अर्धापुरात जो तो हेच वाक्य तोंडावर फेकतो. "नक्षी आहे की अजून!" केळीच्या ट्रकचा मालक म्हणतो, काळीपिवळीवाला म्हणतो, आणि आता माझा सख्खा भाचाही म्हणायला लागलाय. म्हणून आज जरा रागानेच लिहायला बसलोय. नातेवाईक मंडळी वाचतातच, ज्याचं त्याने समजून घ्यावं. :)

भाच्याकडे फियाट पालिओ आहे, १.६ लिटरवाली. २००१ साली ही गाडी भारतात आली तेव्हा कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची आणि जाहिरातीत सचिन असायचा. आजच्या पोरांना हिला स्पोर्ट्स गाडी म्हटलेलं ऐकून हसू येईल. त्यांचंही बरोबर आहे. खरी स्पोर्ट्स गाडी म्हणजे दोघांपुरती, बुटकी, छत उघडणारी. तशी एक आपल्या शेजारी गोव्यात नव्वदच्या दशकाच्या शेवटी तयार झाली होती, सॅन स्टॉर्म नावाची, फायबरच्या अंगाची. पण ती रस्त्यावर दिसायची कुणाला? नोकरदार माणसाच्या आवाक्यात आलेली वेगवान गाडी म्हणजे ही पालिओ. मारुती ८०० चाळीसच्या आसपास अश्वशक्तीवर संसार ओढत होती, त्या काळात हिला शंभर. भाऊजींनी हौसेने घेतली. ते गेले, गाडी राहिली. भाचा ती विकणार नाही, आणि विक असं मीही म्हणणार नाही.

गाडी वर्षाकाठी तीन-चार हजार किलोमीटर फिरते. टायर २०१५ चे आहेत. नक्षी छान आहे. कडेच्या भेगाही छान आहेत.

आता भाच्याचा हिशोब ऐका. "मामा, गाडी विकायला काढली तर साठ हजार कोणी देईना. तिला वीस हजाराचे टायर कशाला वो?"

माझं भांडण आहे ते ह्या हिशोबाशी. टायरची किंमत गाडीच्या किमतीशी ताडून बघायची ही रीत आली कुठून? टायर गाडी विकताना उपयोगी पडत नाही, थांबवताना पडतो. वारंगा फाट्याच्या रस्त्यावर संध्याकाळी समोर बिनदिव्याची ट्रॅक्टर-ट्रॉली आली, तर थांबवायचं असतं ते टनभर वजन आणि शंभराचा वेग. त्या वजनाला बाजारभाव कळत नाही. साठ हजाराची गाडी असो की साठ लाखाची, रस्त्याला टेकलेलं रबर चाकाला साधारण एका तळहाताएवढंच असतं. चार तळहात, बस्स. उलट महागड्या नव्या गाडीत चाक जाम होऊ न देणारे ब्रेक असतात, गाडी सरकायला लागली तर सावरणारी यंत्रणा असते, सहा-सहा एअरबॅग असतात. पंचवीस वर्षांपूर्वीच्या बहुतेक गाड्यांत ह्यातलं काही नाही. ब्रेक आणि टायर, एवढंच भांडवल. मग जुन्या वेगवान गाडीला टायर हलका चालेल की भारी लागेल? सातवीतला पोरगा सांगेल.

आणि गंमत बघा. वीस वर्षांवरच्या मोटारीच्या पुनर्नोंदणीचं शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये पाच हजारांवरून दहा हजार झालं. ते भाचा भरणार, कुरकुर न करता, कारण तो कागद आहे आणि कागद नसेल तर पोलीस अडवतो. दहा हजार कागदाला दिलेले चालतात. रबराला द्यायचे म्हटले की गाडीची किंमत आठवते! बरं, सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आलाय, तेव्हा 'सरकार लुटतंय' हे कारणही जरा पातळ झालंय.

आमच्या लोह्याजवळच्या माळेगावच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. तिथे कधी जाणत्या गिऱ्हाइकाला बघा. घोड्याचा रंग बघेल, तोंड उघडून दात बघेल, पण पाय उचलून खूर बघितल्याशिवाय इसार द्यायचा नाही. घोडा म्हातारा आहे म्हणून त्याला गंजके नाल ठोका असं म्हणणारा माणूस त्या बाजारात उभा राहू शकणार नाही. मोटारीच्या बाबतीत मात्र आपण सगळे असेच.

आता नक्षीबद्दल. नक्षी बघावी, जरूर बघावी. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, ते १.६ मिलिमीटर उंचीचे. नक्षी घासून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. पण हा नियम रोज धावणाऱ्या गाडीला पुरतो. उन्हात उभ्या राहणाऱ्या हौशी गाडीचा टायर घासून मरत नाही, म्हातारा होऊन मरतो. रबर वाळतं, कडक होतं, बाजूला भेगा पडतात, आतल्या थरांची पकड सुटते. नक्षी तशीच! कितीतरी गाडी कंपन्या सहा वर्षांनी बदला म्हणतात, टायर कंपन्या पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या आणि दहाच्या पुढे कसाही दिसला तरी काढा म्हणतात. ह्या शिफारशी जगभरच्या हवामानासाठी आहेत. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी डांबरावर अनवाणी पाय ठेवून बघा आणि मग सांगा, सहा घ्यायचे की दहा. मी सहा म्हणतो.

टायरचं वय कळायला दुकानदार लागत नाही. बाजूवर डीओटी ह्या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३१५ म्हणजे २०१५ चा तेविसावा आठवडा. कधीकधी एका बाजूला हे आकडे नसतात, तेव्हा टायरच्या दुसऱ्या अंगाला बघायचं. दुकानात टायर बसवण्याआधी वाचायचे, बसवल्यावर नाही. मागे एका दुकानात (नाव नको) मला चार वर्षं गोदामात पडलेला टायर 'एकदम नवा माल' म्हणून दाखवला होता. मी आकडे वाचून दाखवले तर तो माणूस म्हणतो, "गुरुजी, तो बॅच नंबर असतो." चाळीस वर्षं पोरांच्या थापा ऐकल्यात मी. ही त्यातली जमेत धरण्यासारखीही नव्हती.

दुसरी झुंड आहे ती रुंद टायरवाल्यांची. भाच्याचा मुलगा ह्यात. त्याचं म्हणणं, टायर बदलायचेच तर 'परफॉर्मन्स'वाले घ्या, मोठे अलॉय घ्या, गाडी खाली बसलेली दिसेल. दुकानदार तर टपलेलाच असतो. म्हणून मी वही काढली.

समजा गाडीच्या पुस्तिकेत १७५/६५ आर १४ लिहिलंय. १७५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे ११४ मिलिमीटर. १४ हा रिमचा व्यास, इंचात. दोन भिंती आणि रिम मिळून सगळ्या चाकाचा व्यास ५८३ मिलिमीटर. दुकानदार म्हणतो २०५/५५ आर १५ घाला, 'आरामात बसतो'. त्याचा व्यास येतो ६०६, म्हणजे चार टक्के जास्त. मीटरचा काटा शंभर दाखवेल तेव्हा गाडी १०४ ने पळत असेल. मागे तिघं बसले आणि खड्डा आला की टायर मडगार्डला घासणार. आणि पावसात? तेच वजन जास्त रुंदीवर पसरलं की पाणी कापायला जोर कमी पडतो, चाक लवकर तरंगतं. दिसायला पैलवान, पाण्यात मात्र होडी.

पोरगा हुशार आहे. त्याने १९५/४५ आर १६ काढलं. व्यास ५८२! मूळच्या मापाला अगदी बरोबर. गणिताला पैकीच्या पैकी मार्क. पण भिंत बघ ना बाळा, ११४ वरून ८८ वर आली. एक इंच रबर गेलं. ते रबरच खड्ड्याचा मार खायला असतं. चांगल्या रस्त्यावर ह्या बुटक्या भिंतीने वळणावर गाडी रेघेत जाते हे मला मान्य आहे, विलायतेत म्हणूनच लावतात. आपल्याकडे महामार्ग सोडून गावाच्या फाट्याला वळलं की तोच टायर रिमसकट वाकतो. कडेला गाठ आलेला टायर घेऊन गावी येणार आणि वर पंक्चरवाल्याला शिव्या देणार.

मग 'परफॉर्मन्स' टायर घ्यायचाच नाही का? घ्या की! पण मूळच्या मापात घ्या आणि त्यावरची अक्षरं बघून घ्या. मापाच्या शेवटी एक अक्षर असतं, ते वेगाची पत सांगतं. एस म्हणजे ताशी १८०, टी म्हणजे १९०, यू म्हणजे २००, आणि त्यानंतर एच २१०. (टी, यू आणि मग एच! ही बाराखडी कुठल्याही मास्तरने केलेली नाही एवढं नक्की.) "आपल्याला कुठं दोनशेनं जायचंय?" असं म्हणून दुकानदार खालच्या अक्षराचा टायर गळ्यात मारतो. जायचं नाहीच. पण ते अक्षर म्हणजे टायर किती ताप सोसतो त्याचं प्रगतिपुस्तक आहे, आणि ताप आपल्याकडे वेग नसतानाही आहे. गाडी कंपनीने जे अक्षर दिलंय त्याच्या खाली जायचं नाही, वर गेलं तर उत्तम. मऊ रबराचा टायर रस्ता चांगला धरतो आणि लवकर घासतो. टॅक्सीवाल्याला ते परवडणार नाही. पण ज्याची गाडी वर्षाला चार हजार किलोमीटर चालते त्याने टिकाऊ कडक रबर घेऊन करायचं काय? ते घासण्याआधी वाळणार आहे. हौशी गाडीला पकड घ्यावी, टिकाऊपणा सोडावा. इथे कंजुषी आणि शहाणपणा एकमेकांच्या विरुद्ध दिशेला जातात, आणि आपली माणसं पटकन कंजुषीच्या गाडीत बसतात.

अडचण एवढीच की जुन्या मापात भारी टायर मिळणं कठीण झालंय. कंपन्या मोठ्या रिमच्या मागे लागल्यात, आणि जून २०२० मध्ये सरकारने टायरच्या आयातीवर बंधन घातलं तेव्हापासून बाहेरचे पर्यायही आटले. नांदेडला नाही मिळाले तर संभाजीनगर, पुणे इथून मागवावे लागतील, आठ-पंधरा दिवस थांबावं लागेल. थांबायचं. तोवर गाडी शेडमध्ये बरी.

आणि हो, नायट्रोजन! पंप-पंपावर पाटी लागलेली असते. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच, हे आपण शाळेत घोकलंय. हौस असेल तर भरा, त्याने बिघडत काही नाही. पण नायट्रोजन भरला म्हणून तीन-तीन महिने हवा तपासायची नाही, हे मात्र बिघडवणारं. हवा कमी झाली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्याला दुमडते, तापते आणि फाटते. उन्हाने टायर फुटला असं आपण म्हणतो. बहुतेक वेळा कमी हवेच्या, जुन्या टायरला उन्हाने शेवटचा धक्का दिलेला असतो. हवा सकाळी, टायर गार असताना मोजावी. पन्नास किलोमीटर पळवून मग पंपावर मोजली आणि 'जास्त झाली' म्हणून सोडली, तर गार झाल्यावर ती कमीच भरणार.

हे सगळं आत्ता एवढ्या पोटतिडकीने लिहायचं कारण समृद्धी महामार्ग. आपल्याकडची माणसं जालन्याला जाऊन त्यावर चढतात. तिथे मोटारीला १२० ची मुभा आहे, आणि तासन् तास एकाच वेगाने काँक्रीटवर पळायचं. गावातल्या गावात चाळीसने फिरणाऱ्या टायरची परीक्षा तिथे होते. २०२३ मध्ये परिवहन खात्याने घासलेल्या टायरच्या गाड्या महामार्गाच्या तोंडाशीच अडवून परत पाठवायला सुरुवात केली, तर लोक भांडले! "नक्षी आहे की साहेब!" पण तिथला माणूस नक्षी बघू शकतो. वय कोण बघणार?

दुसऱ्या टोकाचंही सांगतो. १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ पिंपळखुट्याला नागपूरहून पुण्याला जाणारी बस पेटली, पंचवीस माणसं गेली. टायर फुटला असं चालक म्हणाला. परिवहन खात्याच्या तपासणीत टायर फुटल्याचा पुरावा मिळाला नाही. म्हणजे अपघातानंतर सगळं खापर टायरवर फोडायचं, आणि अपघाताआधी त्याच्याकडे ढुंकून बघायचं नाही. बिचाऱ्या टायरने करावं तरी काय?

भाच्याने आता तडजोड काढलीय. दोनच टायर घेतो म्हणतो, आणि पुढे घालतो, कारण इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना. हे तर फारच पसरलेलं खूळ. दोनच घ्यायचे झाले तर नवे मागे घालावेत, हे खुद्द टायर कंपन्याच सांगतात. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, पाय काढला की सावरता येते. ओल्या रस्त्यावर मागची घसरली की गाडी भोवऱ्यासारखी फिरते, आणि मग साधा माणूस काही करू शकत नाही. मागच्या सीटवर कोण बसतं? माझी बहीण बसते. वय ७६, दर महिन्याला तपासणीला नांदेडला जाते, आणि दिवाळीत समृद्धीवरून मुंबईला लेकीकडे जाणार आहे, ह्याच गाडीतून, कारण तिला त्यात भाऊजींचं काहीतरी दिसतं. तिच्यासमोर 'गाडीची किंमत साठ हजार' हा हिशोब मांडून दाखव म्हणावं.

तेव्हा दोन नाही, चार. खरं तर पाच, कारण डिकीतली स्टेपनी मी परवा उलटी करून वाचली. तिचे आकडे आहेत ३८०१, आणि तिला अजून रस्ता लागलेला नाही. नक्षी कोरी करकरीत आहे.