एक मिलिमीटर पुठ्ठ्याचा हक्क

भाईंदरच्या खाडीवरून येणारी खारी, दमट हवा घरातल्या कुठल्याच धातूला सोडत नाही. कपाटाचं कुलूप गंजतं, खिडकीची कडी गंजते आणि व्हिडिओ गेमच्या कॅसेटमधल्या धातूच्या पट्ट्याही काळवंडतात. नव्वदच्या दशकात वाढलेल्या पिढीला त्यावरचा उपाय तोंडपाठ होता : कॅसेट काढायची, जोरात फुंकर मारायची, पुन्हा बसवायची. गेम चालू व्हायचा, पण श्रेय फुंकरीचं नव्हतं. कॅसेट काढून घातल्यामुळे पट्ट्या नव्याने घासल्या जायच्या, एवढंच. तोंडातला ओलावा उलट गंज वाढवायचा. फुंकर मारू नका, असं पुढे निन्टेन्डोलाही सांगावं लागलं. खरं औषध त्याच घरात, कंपासपेटीत होतं. खोडरबर पट्ट्यांवर हलक्या हाताने फिरवायचा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसून घ्यायचं.

घरच्या दुरुस्तीची परीक्षा इथेच होते. उपाय बिघाडाच्या कारणाला हात घालतो की नुसतं लक्षण दाबतो?

एक्सबॉक्स ३६० चं उदाहरण जगभर गाजलं. २००५ च्या अखेरीस अमेरिकेत आणि २००६ मध्ये भारतात आलेला हा कन्सोल अचानक तीन लाल दिवे दाखवून बंद पडायचा. बंद पडलेलं यंत्र टॉवेलात गुंडाळून चालू ठेवायचं, असा उपाय त्या काळी पसरला. यंत्र भयंकर तापायचं, कधी कधी चालूही व्हायचं आणि काही दिवसांत पुन्हा मरायचं. तापणं आणि थंड होणं यांच्या चक्रात आतले बारीक जोड तडकत होते. त्यांना आणखी ताप देणं म्हणजे आजार वाढवणं. शिवाय घरात आग लागण्याचा धोका. हा प्रयोग कुणीही करू नये. मायक्रोसॉफ्टने जुलै २००७ मध्ये या बिघाडासाठी वॉरंटी ३ वर्षांपर्यंत वाढवली आणि त्यापायी १ अब्ज डॉलरहून अधिक खर्च दाखवला. दोष वापरणाऱ्याच्या हातात नव्हता, हे त्यातून सिद्ध झालं.

याच्या अगदी उलट गोष्ट निन्टेन्डो स्विच या कन्सोलची. त्याच्या जॉय-कॉन कंट्रोलरची दांडी हात न लावताही पडद्यावरच्या पात्राला सरकवू लागते. कंपनीच्या अध्यक्षांनी २०२० मध्ये या त्रासाबद्दल दिलगिरी व्यक्त केली. २०२१ मध्ये एका यूट्यूबरच्या लक्षात आलं, की कंट्रोलरवर दांडीजवळ दाब दिला की सरकणं थांबतं. त्याने कंट्रोलर उघडून दांडीच्या धातूच्या कवचावर साधारण १ मिलिमीटर जाडीचा पुठ्ठ्याचा तुकडा ठेवला. आतल्या सैल झालेल्या भागांवर दाब आला आणि दांडी जागेवर राहिली. एवढा पुठ्ठा कुठल्याही मराठी घरात जुन्या लग्नपत्रिकेतून निघेल. निरीक्षण, कारण, उपाय अशी ही सरळ वाट शाळेच्या प्रयोगवहीत शोभावी.

युरोपात २०२३ पासून कंपनी सरकणाऱ्या दांडीची दुरुस्ती वॉरंटी संपल्यावरही मोफत करून देते. मीरा रोडच्या मुलाकडचा स्विच मात्र बहुधा आयात होऊन आलेला असतो. तो बिघडला की पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड गाठायचं आणि लॅमिंग्टन रोडवर सुटा भाग शोधायचा. तिथल्या कारागिरांचं कौशल्य मोठं आहे, पण अस्सल भाग आणि बोर्डाचा नकाशा कंपनीने दिल्याशिवाय त्यांनाही अंदाजाने काम करावं लागतं.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल व टॅबलेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही त्यातली ४ क्षेत्रं. गेम कन्सोलला वेगळी जागा नाही. ही उणीव आहे आणि ती भरून काढली पाहिजे. हजारो रुपयांचं यंत्र दोन रुपयांच्या भागासाठी भंगारात जाणं हा पैशाचाही अपमान आहे आणि कारागिरीचाही.

मर्यादा मात्र पाळायलाच हवी. वीजपुरवठ्याचा डबा उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक भार राहू शकतो. पीएस५ कन्सोलच्या प्रोसेसरवर द्रवरूप धातू लावलेला असतो, तो बोर्डावर सांडला तर शॉर्टसर्किट होतं. ही कामं जाणकारांची. बाकी धूळ, काळवंडलेल्या पट्ट्या, सैल दांडी यांसाठी आईबाबांनी मुलांबरोबर टेबलावर जुना पेपर पसरावा, स्क्रू कुठला कुठे होता त्याचे फोटो काढावेत आणि यंत्र एकदा उघडून पाहावं.

कंपनी सुटा भाग किंवा दुरुस्ती नाकारत असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार जरूर नोंदवा.