थांबवलेली चित्रफीत

यंत्राची कुरकुर अभियंत्याला लांबून ऐकू येते. हाताखालच्या माणसांची मात्र जवळ बसूनही येईलच असे नाही. आणि बढती मिळाली की नेमकी माणसे, मुदती आणि हिशेब त्याच्या गळ्यात पडतात! एवढ्यासाठी अभियांत्रिकी व्यवस्थापन हा विषय निघाला. अमेरिकेत रोला येथील विद्यापीठात १९६७ साली त्याचा स्वतंत्र विभाग झाला. त्याच वर्षी कोलोरॅडो राज्य विद्यापीठाने वर्गातल्या व्याख्यानांच्या चित्रफिती नोकरदार अभियंत्यांकडे धाडायला सुरुवात केली. संसारी माणसाने दोन वर्षे नोकरी सोडून शिकायचे कसे, हा प्रश्न तिथेही होताच. आज फितीचे काम इंटरनेट करते, इतकेच.

असा एक ऑनलाइन पदव्युत्तर अभ्यासक्रम आखणाऱ्या समितीवर सध्या मी आहे. संस्थेचे नाव विचारू नका. पहिल्या दोन बैठका कॅमेरा कोणता घ्यावा यात गेल्या. तिसरीत मी स्टॅनफर्डची गोष्ट काढली.

तिथले प्राध्यापक जेम्स गिबन्स यांनी १९७० च्या दशकात ह्यूलेट-पॅकार्डच्या दूरच्या कारखान्यातील अभियंत्यांना फितीवरून शिकवले. पण फीत नुसती लावून दिली नाही. थोडक्या जणांचे टोळके, सोबत त्याच कारखान्यातला एक जाणता अभियंता. शंका आली की फीत थांबवायची, वाद घालायचा, मग पुढे. हे विद्यार्थी प्रत्यक्ष वर्गात बसणाऱ्यांच्या तोडीस तोड, किंबहुना सरस ठरले; १९७७ साली ‘सायन्स’मध्ये ते प्रसिद्धही झाले.

माझे म्हणणे एवढेच, की आपल्या अभ्यासक्रमात ही थांबण्याची जागा ठेवा. व्यवस्थापनात तर ती हवीच. रांगेचे गणित शिकवले, की त्याच आठवड्यात ज्याने त्याने आपल्या कारखान्यात माल कोणत्या यंत्रापाशी तुंबतो ते पाहून यावे. चाकणच्या माणसाने ते साताऱ्याच्या माणसाला सांगावे, आणि त्याने ‘हे यंत्राचे नव्हे, पाळीबदलाचे दुखणे आहे’ म्हणून हुज्जत घालावी. कंपनी आकडे बाहेर नेऊ देणार नाही, हे खरे. मग आकडे झाकून नुसती प्रमाणे सांगावीत.

खजिनदार म्हणाले, “व्याख्यान एकदा टिपले की दहा वर्षे चालेल. तुमच्या साहाय्यकांना मात्र दरवर्षी पगार द्यावा लागेल.”

लागेलच! दर वीसेक विद्यार्थ्यांमागे एक तरी हवा, आणि तो कारखान्यात हात काळे केलेला हवा. तो पैसा वाचवला, तर रात्री नऊला घरी आलेला अभियंता पडद्यापुढे झोपी जाईल, आणि फीची पावती तेवढी त्याच्यापाशी उरेल.

पुढची बैठक दिवाळीनंतर आहे. कार्यक्रमपत्रिकेत कॅमेरा पहिल्या क्रमांकावर आहे, साहाय्यक सातव्या.