नटवेपणाचा आरोप आणि स्त्रीशिक्षण

नारायण बापूजी कानिटकर यांच्या ‘तरुणी शिक्षण नाटिके’ला (१८८६) पाश्चात्त्य पोशाखी अनुकरणावरची टीका म्हणण्याचा प्रघात आहे. हा निर्वाळा पुरेसा नाही.

तुलनेसाठी फ्रान्सकडे पाहावे. सप्टेंबर १८३५ च्या कायद्याने तेथे राजकीय व्यंगचित्रांचे तोंड बंद झाले आणि ‘शारिवारी’चे चित्रकार राजाला सोडून समाजाकडे वळले. ओनोरे दोमिए याने १८४४ मध्ये विदुषींवर शिळाछापाची एक मालिका काढली. तिच्यातील एका चित्रात आई लेखनात गढली आहे आणि मूल न्हाणीच्या टबात पालथे पडले आहे. चित्र विनोदी खरेच. पण त्यात फॅशन कोठे आहे? हसे होते ते लेखणीचे. (फुगीर घागऱ्यांची थट्टा दोमिएने पुढे वेगळी केलीच.)

कानिटकरांच्या नाटिकेतही नटवेपणा हे निमित्त ठरते. पुण्यात मुलींचे हायस्कूल १८८४ मध्ये निघाले आणि दोनच वर्षांनी शिकलेल्या तरुणीच्या अधःपाताचे हे भाकीत आले, हा क्रम नजरेआड करता येत नाही. बाटली जवळ करणाऱ्या सुधारकालाही त्या काळच्या प्रहसनांनी सोडले नाही, हे मान्य केले पाहिजे. मात्र त्यावरून मुलग्यांच्या शाळा बंद कराव्यात, असा निष्कर्ष निघाला नाही. मुलींच्या बाबतीत साडीचोळीचा दोष थेट पुस्तकाच्या माथी आला.

साहेबी पेहराव आधी कोणी उचलला, हे ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’मध्ये १८८२ सालीच पुरुषांना सुनावले होते.