तात्या विंचू परत आला, पण लक्ष्या नव्हता: दुसरी शाखा काढण्याआधी हे वाचा



पहिलं दुकान जरा बरं चाललं की डोक्यात एकच विचार घोळायला लागतो, दुसरी शाखा. "नाव झालंय, बोर्ड लावला की गिऱ्हाईक येणारच." माझं मत स्पष्ट आहे: नावावर गिऱ्हाईक येतं, पण फक्त बघायला येतं. परत यायला त्याला वेगळं कारण लागतं.

उदाहरण आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं घेऊ. महेश कोठारेंचा 'झपाटलेला' आला 1993 साली. मूळ कल्पना 1988 च्या 'चाइल्ड्स प्ले' या अमेरिकन सिनेमासारखीच, मेलेल्या गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो. पण आपल्याकडे तो बाहुला तात्या विंचू झाला. बाहुला घडवला रामदास पाध्येंनी, आवाज दिलीप प्रभावळकरांचा आणि समोर घाबरणारा लक्ष्या, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे.

मग 20 वर्षांनी, 2013 ला 'झपाटलेला 2' आला, तोही थ्रीडीमध्ये. दिग्दर्शक तेच, तात्या विंचू तोच, आवाजही तोच. फक्त लक्ष्मीकांत बेर्डे नव्हते, ते 2004 मध्येच गेले. कोठारेंनी एक गोष्ट शहाणपणाची केली. दुसऱ्या कुणाला लक्ष्या म्हणून उभं केलं नाही. लक्ष्याच्या मुलाची गोष्ट केली आणि ती भूमिका आदिनाथ कोठारेला दिली. तरीपण आज तात्या विंचूचं नाव काढलं की लोकांना आठवतो तो पहिलाच भाग. का? कारण भीती बाहुल्यात नव्हतीच, ती लक्ष्याच्या चेहऱ्यावर होती. तो घाबरायचा म्हणून आपण घाबरायचो, आणि त्याच्याचमुळे हसायचोही. थ्रीडीने बाहुला जवळ आला, पण ती जागा भरली नाही.

आता धंद्यावर या. समजा तुमचं सुपा स्टँडजवळ वडापावचं दुकान आहे आणि दुसरं एमआयडीसीत काढायचंय. रेसिपी तीच, नाव तेच, वर नवीन फर्निचर. पण स्टँडवरचं गिऱ्हाईक तुमच्याकडे का येतं? चटणीसाठी, की गल्ल्यावर बसलेले तुमचे वडील नाव घेऊन "या" म्हणतात म्हणून? दुसरं कारण असेल तर ते एमआयडीसीत नेता येत नाही. वडिलांच्या जागी दुसरा माणूस बसवून तसंच बोलायला लावू नका, लोक लगेच ओळखतात. तिथला कामगार शिफ्टच्या वेळेला येतो, घाईत असतो. त्याला गप्पा नकोत, पाच मिनिटांत गरम पार्सल पाहिजे.

आकडेही बघा. भाडं 12,000, दोन कामगारांचे 24,000, कर्जाचा हप्ता 11,000, लाईट 3,000. झाले महिन्याला 50,000. कच्चा माल आणि गॅस वजा जाता 100 रुपयांमागे 40 उरतात असं धरलं, तर नुसता खर्च निघायला महिन्याला सव्वा लाखाची विक्री पाहिजे. 15 रुपयांच्या वडापावने मोजलं तर रोज जवळपास 280 नग, तेही सुट्टी न घेता. जुन्या नावावर पहिले पंधरा दिवस हे होईल. पुढचं काय?

मग दुसरा भाग काढायचाच नाही का? काढा की! हिचकॉकचा 'सायको' 1960 चा. त्याचा दुसरा भाग 1983 ला आला, तेव्हा हिचकॉक हयात नव्हते. पण तो सिनेमा नवीन प्रश्न घेऊन आला: 22 वर्षांनी वेड्यांच्या इस्पितळातून सुटलेला हा माणूस खरंच सुधारलाय का? पहिल्याची सर त्याला आली नाही, पण बघायला कारण मिळालं.

तेव्हा ॲडव्हान्स देण्याआधी एक काम करा. आठवडाभर रोजच्या दहा गिऱ्हाइकांना विचारा, "तुम्ही आमच्याकडेच का येता?" वहीत लिहा. त्यातलं नवीन जागी काय नेता येईल आणि काय नाही, असे दोन रकाने करा. न नेता येणारा रकाना मोठा निघाला, तर त्या जागी तुम्ही नवीन काय देणार, ते आधी ठरवा. त्याचं उत्तर सापडेपर्यंत कर्जाच्या फॉर्मवर सही करू नका.

भेटू पुढच्या व्हिडिओत.